रविवारची रात्र आणि पंचांगातली तिथी

गोव्यात राहणाऱ्यालाच गोव्यात फिरणे परवडत नाही, ही तक्रार दर शनिवारी वाचायला मिळते. तक्रार खोटी नाही. पण शनिवारी सकाळी नऊला निघायचे, किनाऱ्यावरच्या दराने खोली घ्यायची आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांबरोबर पुलावर अडकायचे, असा बेत केला की आपण पर्यटकच झालो. मग दरही त्यांचेच लागणार. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा एकच गोष्ट जास्त आहे, वार आणि वेळ निवडायची मोकळीक. आणि नेमकी तीच आपण वापरत नाही.

आधी शनिवारची रात्र सोडा. रविवारी सकाळी निघा, रात्री मुक्काम करा, सोमवारी परता. शुक्रवार-शनिवारचा चढा दर रविवारी उतरतो. रविवारी दुपारी खोल्या धडाधड रिकाम्या होतात आणि मालकाकडे सोमवारचे गिऱ्हाईक नसते, म्हणून फोनवर सरळ विचारले तर आणखीही उतरतो. एक रजा जाते, खरे आहे. मुलांची शाळा असेल तर हे जमायचे नाही. त्यांनी खोलीचा नाद सोडावा आणि शनिवारी व रविवारी पहाटे निघून रात्री घरी यावे. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. दोन तासांत जिथे पोचत नाही अशी जागा फारशी नाही.

सुट्ट्यांचेही तसेच. ३ डिसेंबरचे गोंयच्या सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, या सुट्ट्या फक्त आपल्या. त्या दिवशी वेंगुर्ल्यात आणि कारवारात कामाचा दिवस असतो. जोडून रविवार आला तर याहून स्वस्त आणि निवांत मुहूर्त नाही. उलट १ मेला, महाराष्ट्र दिनी, सिंधुदुर्ग आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, कारवार टाळावे, त्या दिवशी सुट्टी त्यांची असते.

आता एक बेत नीट मांडतो, म्हापशाहून वेंगुर्ल्याचा. शिवोली, हरमल करत केरीला जायचे, फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडायची, वर किल्ला पाहायचा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा लावला तो हाच. तेरेखोल गाव गोव्याचे, पण नदीपलीकडे, महाराष्ट्राला चिकटलेले. त्यामुळे तिथून रस्त्याने थेट रेडीत उतरता येते. रेडीला खाणीत सापडलेला द्विभुज गणपती आणि यशवंतगड, पुढे १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, मग वेंगुर्ले. परतताना आरोंद्याहून किरणपाणीचा पूल, पेडणे, म्हापसा.

हा क्रम उलटा करू नका. मोठ्या ओहोटीत केरीच्या फेरीला धक्क्याला लागता येत नाही आणि ती थांबते. भरती कधी, हे काढायची जुनी रीत अजून उपयोगी पडते. तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे १५. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरलेले आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे, तळाला. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन मोजायचे. अमावास्येला पंचांगात ३० छापलेले असते, तिथे १५ च धरायचे. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, बेत आखायला तेवढे पुरते. पुनवेला आणि अंवसेला उधाण असते, भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल. त्या दिवशी सकाळी फेरीने गेलात तर काम होते. संध्याकाळी फेरीच्या भरवशावर परत आलात तर पलतडी बसून राहाल. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही, तेव्हा ही भीती कमी.

खर्चाचे गणित दोघांचे, दुचाकीवर. जाऊन-येऊन आणि तिथे हिंडून १४० किलोमीटर धरा. लिटरला ४५ पडले तर जवळपास तीन लिटर, म्हणजे ३०० रुपये. टाकी गोव्यातच भरा, पलीकडे पेट्रोल महाग आहे. घरगुती राहण्याची साधी खोली १,८००. तीन मुख्य जेवणे माणशी २५० प्रमाणे १,५००. चहा-नाश्ता ३००. एकूण ३,९००. यात सगळ्यात मोठा आकडा खोलीचा, म्हणून वर रविवारचा एवढा आग्रह. पेट्रोलमध्ये काटकसर करून पन्नास रुपये वाचतात, वार बदलून त्याच्या दसपट वाचू शकतात.

गाडीची कागदपत्रे आणि पीयूसी जवळ हवेच. आणि डिकीतली बाटली घरी ठेवा. परवान्याशिवाय गोव्याची दारू हद्दीबाहेर नेणे गुन्हा आहे, आणि एका बाटलीपायी गाडी जप्त झाली की स्वस्त सहलीचे गणित तिथेच संपते.

सोमवारी मात्र जेवणाची अडचण येते. बऱ्याच घरगुती खानावळींत त्या दिवशी मासे नसतात, काही तर बंदच असतात. म्हणून मासे रविवारी दुपारीच खाऊन घ्या आणि सोमवारी उसळ-भाकरीवर समाधान माना. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते. तेव्हा थाळीत इसवण (सुरमई) मागून बर्फातला तुकडा खाण्यापेक्षा नदीतले किंवा सुके काय आहे ते विचारावे.

खोलीवर एवढाही खर्च करायचा नसेल तर फोंडा तालुका आहे. मंगेशी, कवळे, रामनाथी, नागेशी, म्हार्दोळ, सगळी देवळे एकमेकांच्या अंगणात असल्यासारखी. त्यांच्या अग्रशाळांत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळांत, मुक्काम हॉटेलच्या मानाने फार स्वस्त पडतो. पण ते हॉटेल नव्हे. आधी फोन करून विचारावे लागते, महाजन (देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद) आणि कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत) यांना आधी खोली मिळते, मांसाहार आणि दारू वर्ज्य. वेळेचे नियमही असतात, म्हणून रात्री किती वाजेपर्यंत आत येता येते हे फोनवरच विचारा. माघात बेत करू नका. पंचमीला कवळ्याची जत्रा, पौर्णिमेला मंगेशीची, तेव्हा खोलीचे नाव काढू नये. इथेही रविवारची रात्र कामी येते. सोमवारी संध्याकाळी मंगेशीची पालखी असते. ती बघून निघाले तरी पणजी वीसेक किलोमीटरवर, जेवायला घरी.

गाडीच नसेल तर दिवाडी बेट. पणजीहून बसने जुने गोवे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, फेरीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बेट चालत किंवा सायकलने ओलांडून पलीकडच्या फेरीने डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला उतरायचे. तिथले सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधून काढले. यात गफलत एकच होते. शेवटच्या फेरीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारलेली नसते. ती चुकली की डिचोलीवरून वळसा घालून यावे लागते आणि दिवसभर वाचवलेले पैसे रिक्षावाल्याकडे जातात. शेजारच्या चोडणला पक्षी अभयारण्यात होडीने हिंडायचे तर पुन्हा तिथी बघा. भरतीला खारफुटीत आतपर्यंत जाता येते, पाणी उतरले की होडी चिखलात बसते. नुसते पक्षी बघायचे असतील तर ओहोटीच बरी, ते त्याच चिखलात चरायला उतरतात.

रेल्वेबद्दल मत थोडे कडू आहे. तिकीट स्वस्त, यात वाद नाही. पण कोकण रेल्वेची स्थानके गावापासून दूर पडली आहेत. सावंतवाडीचे सात-आठ किलोमीटरवर, कारवारचे शिरवाडला. तिकिटाच्या कितीतरी पट रिक्षाला जातात. चौघे असाल तर एक रिक्षा चौघांत निभावते, एकट्या-दुकट्याने सरळ एसटी किंवा कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस, धरावी. ती गावात सोडते. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागते, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात. मे महिन्यात पाठ केलेली वेळ तेव्हा चालत नाही.

पावसाळ्यात सगळ्यांना धबधबाच हवा असतो. अभयारण्यातल्या बऱ्याच धबधब्यांवर तेव्हा बंदी असते आणि दूधसागरच्या कुळ्याहून सुटणाऱ्या जीपही बंद असतात. रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. बंदीला शिव्या देण्याआधी एवढे समजून घ्या. तुम्ही उभे असता तिथे ऊन पडलेले असते आणि पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळत असतो. ते पाणी खाली पोचायला थोडा वेळ घेते, पण पोचते तेव्हा एकदम. नितळ पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या आणि पाने वाहून येऊ लागली की फोटो राहू द्या, पाण्याबाहेर या, आणि सामान कुठेही असो, जो काठ जवळ असेल त्याच काठाला या. हरवळ्यासारखा धबधबा रस्त्याच्या जवळ आहे, लांबून बघून गुंफांकडे वळता येते, मुलांना तेवढे पुरते. चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात, मात्र कोणी, कितीही पोहता येत असले तरी, उतरू नये. चिरे कापून काढलेल्या त्या भिंती सरळ उभ्या असतात, पायरी नाही, उतार नाही, शेवाळाने हात सटकतो. पोहून कडेला आलेला माणूसही वर चढू शकत नाही.

पावसात नेत्रावळी, खोतीगावच्या अभयारण्यांकडे जाणार असाल तर मिठाची पुडी खिशात हवी. जळू ओढून काढू नका, मीठ लावले की ती आपोआप सुटते. लांब मोजे घालून त्यांवर तंबाखूचे पाणी मारले की जळवा कमी चढतात. आणि मडगावहून काणकोणच्या चावडीपर्यंत बसेस भरपूर आहेत म्हणून पुढेही असतील असे समजू नका. चावडीला उतरल्या उतरल्या, चहा मागवण्याच्याही आधी, आतल्या गावाहून परतीची शेवटची बस किती वाजता ते कंडक्टरलाच विचारा.