अंगठ्याचं वाक्य

परवा जळगावजवळ आसोद्याच्या शिवारात भरीत पार्टी होती. वांगी भाजून होईपर्यंत लोकांनी करायचं काय, म्हणून संयोजकांनी मध्ये 'आजचा सिनेमा, आजचं गाणं' असा परिसंवाद कोंबला. मी बारा वर्षं एका दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहितो, म्हणून मी वक्ता. एका परीक्षणाचे तीनशे मिळतात. तिकीट माझं मी काढतो.

लवकर पोचलो ही चूक. बांधावर एक आबा केळीची पानं पुसत बसले होते. चाळीसगावकडचे, जळगावला मुलीकडे आलेले. डोक्यावर टोपी, खिशात दोन मोबाइल.

"तुम्ही काय करतस?"

"सिनेमावर लिहितो."

"मंग देखनं पडत व्हई?"

"हो, बघावा लागतो."

"आख्खा?"

"आख्खा."

आबांनी पान खाली ठेवलं आणि कपाशी हातची गेलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "पैसा भेटतस का?"

आकडा सांगितला. तोंडात होता तो, निघून गेला.

"त्यापेक्षा मी बरा. आख्खा पिच्चर पाच मिनिटमा देखी लेस मी!"

आणि दाखवलाच. एक पोरगा हिंदीतून धापा टाकत गोष्ट सांगत होता, 'अब ये लडका उस घर में जाता है.' मूळ व्हिडिओ दहा मिनिटांचा, पण आबा तो दुप्पट वेगानं लावतात. अडीच तासांत जो बाप मरतो तो आबांकडे चौथ्या मिनिटाला मरतो, आणि आबा तेवढ्यातही डोळे पुसतात, हे मी स्वतः पाहिलं.

मी म्हटलं, "आबा, पण कॅमेरा, संगीत, अभिनय..."

"केकी मूस कुठे घरना बाहेर पडेत? तरी फोटो काढेतच ना!"

यावर काय बोलणार? चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात त्या माणसानं दशकंच्या दशकं जवळजवळ बाहेर न पडता काढली, टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो जगात नावाजले गेले. पण मूस फोटो स्वतः काढत होते, दुसऱ्याचे न बघता त्यावर बोलत नव्हते! हे उत्तर मला सुचलं ते घरी येताना, रेल्वे गेट बंद असताना.

त्या वेळी मात्र मी माझं ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं. "आबा, हल्ली गाणं कानासाठी नाही, अंगठ्यासाठी करतात. रील सरकवणारा अंगठा थांबला, की गाणं चाललं." (वाक्य मूळ पुतणीचं आहे. पण ती पुण्याला असते.)

"ह्या!" म्हणून आबा पुन्हा पानं पुसू लागले.

परिसंवाद सुरू झाला. एक निवृत्त प्राध्यापक वीस मिनिटं अजिंठ्यावर बोलले, कारण ते 'हाकेच्या अंतरावर' आहे. साठ किलोमीटर म्हणजे हाक खणखणीतच हवी. मग अहिराणी गाण्यांची शूटिंग करणारा एक पोरगा उठला. "आमच्या गाण्यांवर पुण्या-मुंबईच्या वराती नाचतात, पण त्यावर दोन ओळी कोणी लिहीत नाही," एवढं म्हणून तो बसला. मी बुटांकडे बघितलं. त्याचं खरं होतं. मी तरी कुठे लिहिलंय? बारा वर्षं मुंबईहून येईल त्यावरच लिहितोय. आणि तिकडून येणाऱ्या मराठी सिनेमाला आमच्याकडे खेळ मिळतो सकाळी सव्वानऊचा. गेल्या महिन्यात आम्ही चौघं होतो. मी, बायको आणि एसीला आलेले दोघं. "सर, चारच आहात, लावू का?" असं मॅनेजरनं विचारलं. लावू का म्हणजे? मी तिकीट काढलंय ना!

असो. सूत्रसंचालकांनी 'श्रोत्यांमधून दोन शब्द' मागितले. आबा उठले, टोपी नीट केली, माइक ओठांना लावला.

"आजना गाना कानसाठे नई ऱ्हातस, अंगठासाठे ऱ्हातस!"

टाळ्या. शिट्टी. प्राध्यापकांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. आबांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि मी तरी काय सांगणार, चोरीचा माल चोरीला गेला म्हणून?

मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो, "मित्रहो" म्हटलं आणि मागून आरोळी आली, "भरीत झालं रे!"

बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, मुसळाचे ठोके पडायला लागले. भाजल्या वांग्याचा, हिरव्या मिरचीचा वास आला आणि सगळी सभा पंगतीकडे पळाली. समोर एक कुत्रं उरलं होतं, तेही वासानं उठलं. मीही कळण्याची भाकरी घेऊन आबांच्या शेजारच्या पानावर बसलो, कारण तेवढंच मोकळं होतं. भरीत उत्तम होतं, याचाही मला राग आला.

आज सकाळी संपादकांचा फोन. "वृत्तांत दोनशे शब्दांत द्या. मथळ्यात त्या आबांचं अंगठ्याचं वाक्य घ्या. असं काही तुम्हाला का सुचत नाही हो?"

घेतलं मथळ्यात. पुतणीला अंक पाठवलेला नाही.