रोग डिस्कला, औषध माउसला

कॉम्प्युटर अडला की आपण डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून रिफ्रेश करतो. एकदा नाही, लागोपाठ सात-आठ वेळा, जपमाळ ओढावी तसं. त्याने स्क्रीनवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, बस्स. ना रॅम (चालू कामापुरती मेमरी) मोकळी होत, ना प्रोसेसर ताजातवाना. उलट आधीच घायकुतीला आलेल्या यंत्राला आणखी एक काम मिळतं. हे मला पक्कं ठाऊक आहे आणि तरी माझा हात तिकडेच जातो.

घोडं कुठे पेंड खातंय ते पाहायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी, उघडावा. (तोही सावकाशच उघडतो.) प्रोसेसर ८ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर, असं दिसलं की निदान झालं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारा दांडा तिच्यावर इकडून तिकडे धावतो. सलग मोठी फाइल तो सेकंदाला शंभरेक एमबीच्या वेगाने वाचतो. पण विंडोज सुरू होताना हव्या असतात हजारो चिल्लर फाइली, जागोजागी विखुरलेल्या. तशा सेकंदाला शंभरेक खेपा झाल्या की त्याची दमछाक. प्रोसेसर कितीही तल्लख असो, तो दारात ताटकळत उभा.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवता येते, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, चिल्लर खेपा हजारोंनी करते, आणि लॅपटॉपच्या २.५ इंची हार्ड डिस्कच्या जागी बसते. जुन्या कॉम्प्युटरवर एकदाच खर्च करायचा असेल तर इथेच करावा, याबाबत मी हट्टी आहे. फक्त क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवताना, कुठून कुठे कॉपी होतंय ते दोनदा वाचावं. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा आपल्या सगळ्या फोटोंवर क्लोन होतो, तोही अगदी बिनचूक.

मग रॅम. ४ जीबी असेल तर विंडोज आणि ब्राउझर दोघंच ती वाटून खातात. मावलं नाही ते डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये, म्हणजे पुन्हा त्याच दांड्याच्या गळ्यात. ८ जीबीने श्वास मोकळा होतो. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्या; त्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, तेव्हा पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. योग्य पट्टी असेल तर मात्र लावावा, क्लिपा टक् वाजेपर्यंत. अर्धवट बसली की स्क्रीन काळीठिक्कर आणि आपलं तोंडही. हे सगळं अर्थातच वायर काढून, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवून.

फुकटचे उपायही आहेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये न बोलावता आलेले पाहुणे बसलेले असतात. अँटीव्हायरस सोडून बाकीच्यांना डिसेबल करावं. अँटीव्हायरसही एकच. दोन ठेवले की ते एकमेकांचीच झडती घेत बसतात. ‘वेग दुप्पट करा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं तर स्वतःच स्टार्टअपमध्ये ठाण मांडतात.

आणि शटडाउनवर विश्वास ठेवू नये. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी जसाच्या तसा, कालच्या कटकटींसकट, परत येतो. रोज रात्री इमानेइतबारे बंद केलेला कॉम्प्युटर टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’समोर (सलग किती वेळ चालू आहे ते) २३ दिवस दाखवतो, तो त्यामुळेच. खरी झोप लागते रीस्टार्टने.

राहिली धूळ. ती पंख्यात साचली की हवा अडते. प्रोसेसर तापून शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. डबाबंद हवेने फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढलाच, तर त्या दोघांमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावावी. लिंपण घालू नये.

हे सगळं जमलं की नवाच घोळ होतो. बटण दाबावं तर घरघर नाही, खरखर नाही. बिघडला की काय म्हणून केबिनेटला कान लावावा, तोवर समोर स्क्रीन पासवर्ड मागत असते. तो मात्र चटकन आठवत नाही.