महामार्गावरच्या बंद परमिट रूमबद्दल खुलासा

धाराशिव–बीड रस्त्यावरच्या आमच्या गावातली बंद परमिट रूम सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. मजकूर असा: 'निजामकाळापासूनचा बार बायांनी आडवी बाटली करून कायमचा बंद पाडला, आता तिथं वाचनालय होणार.'

निजामाची राजवट सप्टेंबर 1948 मध्ये संपली. दारू पिण्याच्या परवान्याची, म्हणजे परमिटची पद्धत मुंबई दारूबंदी कायद्याची, तो 1949 चा; आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला. मग निजामाच्या काळात इथं परमिट रूम असेल कशी?

आडवी बाटलीचं, म्हणजे गावातली दारूविक्री बंद करण्यासाठीचं मतदान इथं झालंच नाही. त्यासाठी आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांच्या सह्या लागतात. आमच्याकडं अर्ज लिहिण्यावरूनच दोन गट पडले होते. शटर पडलं ते 1 एप्रिल 2017 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल 15 डिसेंबर 2016 चा. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी पुढं हे अंतर 220 मीटरवर आणलं गेलं, पण ही इमारत तर रस्त्याला खेटूनच! न्यायालयाच्या जुलै 2017 च्या खुलाशानं शहरांतले बार सुटले. ग्रामपंचायत हद्दीतल्या बारचा निर्णय फेब्रुवारी 2018 मध्ये राज्य सरकारवर सोपवला गेला, म्हणून 'कायमचा बंद' हेही आजच म्हणता येत नाही.

वाचनालय? जागा खाजगी आहे. मालकानं ती विकलेली नाही, दिलेलीही नाही.