किपलिंग नव्हे, ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी

व्हीटी स्टेशनचे (आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण एक वाक्य खटकलं: 'व्हीटीवरचं कोरीवकाम लॉकवुड किपलिंग यांनी करून घेतलं.' शिल्पकार किपलिंग १८७५ मध्येच मुंबई सोडून लाहोरला गेले आणि व्हीटीचं बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये. किपलिंग यांचं काम बघायचं तर जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर बघा. व्हीटीची सजावट जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांची. हेच ग्रिफिथ्स मुलांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला जात असत. श्रेय द्यायचं तर पुरतं द्या ना! स्टीव्हन्स यांचे मदतनीस अभियंता सीताराम खंडेराव वैद्य, देखरेख करणारे एम. एम. जनार्दन, यांचा लेखात उल्लेखसुद्धा नाही.

मी बावीस वर्षं याच स्टेशनातून ये-जा केली. लोकलच्या तिकीटघरात रांगेत उभं असताना एकदा सहज मान वर केली, तर खांबाच्या माथ्यावर दगडी पानांची अशी दाटी, की प्रत्येक पानाची शीर मोजता यावी. तेव्हापासून रोज एक खांब नीट बघायचा, असा नेमच केला. ही पानं कोरणाऱ्या मुलांची नावं कुठे मिळत नाहीत, याची हळहळ वाटते. निदान वैद्य आणि जनार्दन ही जी दोन नावं माहीत आहेत, ती तरी लेखात घाला, ही मनापासून विनंती.