सोनेगावच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी मुद्दा सापडलाच नाही. "नेटवरचं उचलून कोणी इतिहासकार होत नाही" अशी सुरुवात केल्यावर समोरच्याने पुढचं शांतपणे वाचावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली. काहून एवढा राग?

माझा लेख नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर होता: रात्रीच्या टपालाची विमानं इथे जमू शकली ती जुन्या लष्करी तळामुळे. त्यावर तुमचं ते वाक्य: "रात्रीच्या टपालाची विमानं कोणत्याही वावरात उतरली असती, त्याचा लष्करी तळाशी काय संबंध?"

कोणतं वावर, ते सांगा तरी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. टपाल नेणारं भरलेलं डाकोटा विमान बारा टनांच्या घरात, आणि उतरताना जवळजवळ सगळा भार पुढच्या दोन चाकांवर. अशा जागी आधी काळी माती उपसावी लागते. मग मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरखाली दाबायचा. वर दगडाचं सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, दोन्हीकडे उतार, कडेला नाल्या. नाली तुंबली की पाणी कडेने आत शिरतं, खाली राहिलेली माती फुगते आणि कडेला समांतर लांबच लांब भेग पडते. माझी अख्खी नोकरी धावपट्ट्यांच्या दुरुस्तीत गेली, तेव्हा हे मला शिकवू नका.

त्यात उष्णता. सोनेगाव समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटरवर. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण १,५०० मीटर उंचीवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, उड्डाणाची धाव लांबते. रात्री ३० अंशांना हाच आकडा हजाराच्या आत येतो. तरीही वावर पुरत नाही.

१९१७-१८ मध्ये सुरू झालेला हा तळ दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सने लांबच्या उड्डाणांचा मधला टप्पा म्हणून नव्याने उभा केला. तो तयार होता म्हणूनच ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथे एकत्र येऊ शकली. दळणवळण खातं तेव्हा रफी अहमद किडवाईंकडे होतं. अंतरं सातशे ते हजार किलोमीटर, डाकोटाचा वेग ताशी अडीचशेच्या आसपास, म्हणजे तीन-चार तास. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलायचे, पहाटेपर्यंत जो तो आपल्या शहरी. हा "संबंध" पुरेसा नसेल तर १९८५ नंतर इथे आलेली वायुसेनेची आयएल-७६ मालवाहू विमानं आठवा. कमाल वजन १९० टन, म्हणून चाकं वीस. तीही वावरातच उतरवली असतीत का तुम्ही?

नागपूरच्या झिरो माईल दगडावरचा तुमचा परिच्छेद मी सोडून देतो. तो दगड उंची मोजणाऱ्यांच्या कामाचा आहे, विमानाच्या नाही. माझ्या भाषेवरच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही. लेखाला नकाशा हवा होता, हे मात्र रास्त बोललात. या आठवड्यात टाकतो.