म्हणे, ‘जन्मजात लढवय्ये’!

एक पोस्ट या आठवड्यात मला तीन व्हॉट्सॲप ग्रुपवरून आली: ‘दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले नवाहो आदिवासी वायरलेसवर आपल्या मायबोलीत बोलले आणि जपान्यांना ओ की ठो कळलं नाही. जन्मजात लढवय्ये ते! परतल्यावर देशाने त्यांना डोक्यावर घेतलं.’

नुसती मायबोली पुरली नव्हती. १९४२ मध्ये अमेरिकेच्या मरीन या सैन्यदलातल्या पहिल्या २९ नवाहोंनी तिच्यावर आणखी एक सांकेतिक भाषा रचली. रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. जो कियुमिया हा नवाहो सैनिक फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडला. संदेशांचा अर्थ सांग म्हणून त्याचे हाल हाल केले. त्याला शब्द कळायचे, पण अर्थ लागायचा नाही, कारण त्या सांकेतिक भाषेचं प्रशिक्षण त्याला मिळालंच नव्हतं. आणि हीच मायबोली बोलल्याबद्दल चेस्टर नेझ या २९ पैकी एकाचं तोंड शाळेत साबणाने धुतलं गेलं होतं.

डोक्यावर घेतलं? १९६८ पर्यंत सगळं गुप्त होतं, घरीसुद्धा बोलायची बंदी. सुवर्णपदकं मिळाली २००१ मध्ये, तेव्हा २९ पैकी पाच हयात होते. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आदिवासींना मतदान करता आलं ते १९४८ मध्ये. न्यू मेक्सिकोत त्यासाठी मिगेल त्रुहियो या माजी मरीनलाच कोर्टात जावं लागलं. माजी सैनिकांसाठी घरकर्जाची योजना होती खरी. पण आदिवासींसाठीच्या राखीव क्षेत्रातली जमीन विश्वस्त म्हणून सरकारच्या ताब्यात, ती तारण कशी ठेवणार? बँका दारात उभं करत नसत. सरकारने थेट कर्ज देण्याची सोय १९९२ मध्ये केली. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला बँकेत काय ऐकावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात खटकतो तो ‘जन्मजात लढवय्ये’ हा कौतुकाचा शब्द. अहो, नवाहोंची बहुतेक पोरं मेंढ्यांमागे वाढलेली. आदिवासी म्हटला की त्याला रानातली वाट आपसूक दिसते, ही गोऱ्या अधिकाऱ्यांची समजूत. तिच्यापायी टेहळणीला आणि तुकडीच्या पुढे चालायला बऱ्याचदा त्यांनाच धाडलं जाई, पहिल्या महायुद्धात आणि व्हिएतनाममध्येही. व्हिएतनामनंतर सरकारनेच करवलेल्या पाहणीत, युद्धाच्या धक्क्याने मन आजारी पडण्याचं प्रमाण या सैनिकांत गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं.

दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकी झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा फोटो गाजला. त्यातला आयरा हेज हा पिमा या दुसऱ्या आदिवासी जमातीचा. त्या फोटोतल्या एका मृत सहकाऱ्याचं नाव चुकीचं छापलं गेलं होतं. खरं काय ते त्या सहकाऱ्याच्या वडिलांना सांगायला हेज १९४६ मध्ये वाटेत मिळेल त्या गाडीने टेक्सासला गेला. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्या प्रसंगाचं भव्य स्मारक उभं राहिलं. जानेवारी १९५५ मध्ये दारूने पोखरलेला हेज वारला, ३२ व्या वर्षी.

नेझ यांच्या स्वप्नात मेलेले जपानी येत. घरच्यांनी त्यांच्यासाठी नवाहोंचा जुना विधी केला. लढाईहून परतलेल्याच्या पाठी मेलेल्या शत्रूंची भुतं लागतात, ती उतरवायची म्हणून काही दिवस चालणारा. लढवय्याला काही होत नाही असं नवाहो मानत असते, तर हा विधी त्यांच्यात असता कशाला?