निकॉन डी३५०० का सुचवला? : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. कॅनन २००डी मार्क २ या कॅमेऱ्यात फोर-के (अतिस्पष्ट व्हिडिओ) चित्रीकरण आणि हवा तसा वळणारा टच स्क्रीन असताना मी माझ्या लेखात नवशिक्यांना निकॉन डी३५०० हा कॅमेरा सुचवला, तो निव्वळ निकॉनप्रेमापोटी, असा आपला आक्षेप आहे.

आपण सांगितलेली वैशिष्ट्ये खरी आहेत. बाहेरचा माइक जोडण्याची सोयही कॅननमध्येच आहे, हे मी त्यात आणखी जोडतो. स्क्रीनवर पाहून फोकस करताना निकॉन चाचपडतो, तर कॅनन चेहरा चटकन पकडतो. ज्यांना मुख्यतः व्हिडिओच करायचे आहेत, त्यांनी बेलाशक कॅनन घ्यावा. फोर-केचे मात्र फार कौतुक नको. त्या मोडमध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (चेहरा चटकन पकडणारी कॅननची फोकस पद्धत) बंद होतो आणि सेन्सरचा मधला भागच वापरला जात असल्याने, किट लेन्सचे (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सचे) १८ मिमीचे टोक, जे एरवी फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने सुमारे २९ मिमी भरते, ते ४६ च्या आसपास जाते, म्हणजे चौकटीत बरेच कमी दृश्य मावते. दिवाणखान्यात आरतीला उभी राहिलेली मंडळी चौकटीत बसवायची, तर चित्रीकरण करणाऱ्याला मागच्या भिंतीत शिरावे लागेल!

माझा लेख गडकिल्ल्यांची आणि पक्ष्यांची स्थिरचित्रे व्ह्यूफाइंडरमधून टिपू इच्छिणाऱ्यांसाठी होता. सेकंदाला ५ चित्रांचा वेग दोहोंचा सारखाच आहे. फोकस बिंदू ११ विरुद्ध ९, हा फरक नगण्य. पण सीपा (कॅमेरा उत्पादकांची जपानी संघटना) मानकानुसार एका चार्जमध्ये निकॉन १५५० चित्रे देतो, कॅनन १०७०, आणि गडावर मुक्काम असेल तर हा फरक जाणवतो. शिवाय कॅननच्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवण्याच्या खाचेत) मधोमध असणारा नेहमीचा धातूचा संपर्कबिंदूच नाही. त्यामुळे केवळ त्या बिंदूवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारी उपकरणे) त्यावर पेटत नाहीत. प्रकाशयोजना शिकू पाहणाऱ्या आणि खिसा बेताचा असलेल्या विद्यार्थ्याला ही अडचण छोटी नाही.

डी३५०० चे उत्पादन बंद झाल्याने तो बहुधा वापरलेलाच घ्यावा लागेल, ही आपली हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. तसा घेताना विक्रेत्यासमोर एक जेपेग चित्र काढून ते संगणकावर तपासावे. निकॉनच्या चित्रातील एक्झिफ माहितीत (चित्राच्या फाइलमध्येच साठवलेल्या नोंदींत) शटर किती वेळा उघडले तो आकडा सापडतो, कॅननच्या चित्रात तो सहसा नसतो. डी३५०० च्या बॉडीत फोकस मोटर नसल्याने ५० मिमीची लेन्स घेताना स्वतःची मोटर नसलेली जुनी 'डी' टाळून, मोटर असलेली 'जी' मालिकेतीलच घ्यावी. ती कॅननच्या ५० मिमी एसटीएमपेक्षा महाग पडते, एवढे मात्र हिशेबात धरावे.